बसायला मिळेल का?

परळच्या चाळीतली खोली विकायची असं ठरलं तेव्हा घरात माणसं चार होती आणि मतं सात. आईची दोन, बायकोची दोन, मुलीची दोन आणि माझं एक. माझं कुणी विचारलं नव्हतं, पण मी ते बाळगून होतो.

खोली दहा बाय बाराची. वर पोटमाळा, पोटमाळ्यावर मी. उठताना वाशावर डोकं आपटायचं नाही, ही एकच विद्या मला त्या घरानं शिकवली आणि तीही पुरती आली नाही. पण ऑफिस फोर्टात. घराच्या उंबऱ्यापासून टेबलापर्यंत पस्तीस मिनिटं. ही पस्तीस मिनिटं विकायची आणि त्या पैशांत दोन बेडरूम घ्यायच्या, असा एकूण सौदा होता.

बायकोचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, मरोळकडे. म्हणजे मी सेंट्रलचा आणि ती वेस्टर्नची. आमच्या लग्नाच्या वेळी भटजींनी नाडी बघितली, गण बघितले, मंगळ कुठे बसलाय ते बघितलं. लाइन कुणीच बघितली नाही.

आईच्या अटी साध्या होत्या. चालत जाता येईल असं देऊळ, ताजे मासे आणि माशांच्या वासाला नाक न मुरडणारा शेजार. मुलगी सातवीत. मैत्रिणींनी ‘शी, किती लांब!’ म्हणता कामा नये, एवढंच तिचं म्हणणं. शिवाय मोबाइलला रेंज हवी.

मी हौसेनं मोठा नकाशा आणून चटईवर पसरला आणि मुलीच्या कंपासनं परळभोवती वर्तुळ काढायला घेतलं. बायको कणीक मळता मळता बघत होती.

“अहो, वर्तुळ कसलं काढताय? आपण काय घारी आहोत? टाइमटेबल काढा.”

तिचं बरोबर होतं. मुंबईच्या आसपासची गावं जमिनीवर वसलेली नाहीत, ती रुळांना लटकलेली आहेत. त्या गावांना लांबी असते, रुंदी नसते. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर आणि पनवेल ४९. अंतर बघितलं तर सख्खे शेजारी. पण डोंबिवलीचा माणूस फास्ट गाडीनं पोचून कटिंग चहा घेत असतो तेव्हा त्याच वेळी निघालेला पनवेलचा माणूस शिवडीच्या आसपास खिडकीतून बाहेर बघत बसलेला असतो. हार्बरला फास्ट आणि स्लो असा भेद नाही. सगळ्या गाड्या स्लो. अशी समता दुसरीकडे कुठे नाही.

आम्ही घर बघतोय ही बातमी फुटली आणि फोन सुरू झाले. माझ्या लग्नाच्या वेळी आली नव्हती इतकी स्थळं आली.

पहिला फोन ठाण्याच्या मामाचा. ठाण्याचा माणूस जागेबद्दल विचारलं की इतिहासातून सुरुवात करतो. “अरे, या देशातली पहिली गाडी आली कुठे? ठाण्याला! १६ एप्रिल १८५३!” बोरीबंदरहून निघालेल्या त्या गाडीला चौदा डबे होते आणि आत चारशे पाहुणे. मी मनातल्या मनात भागाकार केला. डब्यात जेमतेम तीस माणसं. आज एवढी माणसं दारातल्या मधल्या दांड्याला धरून उभी असतात आणि त्यातली दोन भांडत असतात. मी मामाला सध्याचा भाव विचारला. मामानं तळ्यांचा विषय काढला. ठाण्याला तळी खरोखरच पुष्कळ आहेत. आमच्या खोलीच्या पैशांत त्यातल्या एकाच्या काठावर बसता आलं असतं.

ऑफिसात माझ्या शेजारचं टेबल डोंबिवलीचं. डोंबिवली हे गाव नाही, ते एक मत आहे. आणि ते समोरच्यानं मान्य करेपर्यंत डोंबिवलीकर जेवणाचा डबा उघडत नाही. “आमच्याकडे पु. भा. भावे राहायचे. शन्ना नवरे आमचे. पाडव्याची शोभायात्रा सगळा महाराष्ट्र काढतो, पण सुरुवात कुणी केली? आमच्या गणेश मंदिरानं, १९९९ साली! दिवाळीच्या पहाटे फडके रोडला ये एकदा, नुसती तरुणाई!” मी म्हटलं, ते सगळं खरं, पण सकाळी गाडीत शिरता येतं का?

तो जरा वेळ भाजीकडे बघत राहिला. “शिरायचं नसतं,” तो म्हणाला. “दारासमोर उभं राहायचं. शिरवलं जातं.”

“आणि बसायला?”

“बसायचं असेल तर कल्याणला जाऊन बसून यायचं.”

म्हणजे मुंबईला जाण्यासाठी हा माणूस रोज सकाळी आधी मुंबईकडे पाठ करून उलट्या दिशेनं जातो. हे त्यानं इतक्या सहजपणे सांगितलं की मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. घरी आल्यावर बायकोला सांगितलं तेव्हा वाटलं.

विरारच्या आत्याचं स्थळ आईला मनापासून पसंत होतं. वसई पट्ट्यातले मासे, वाडीतली भाजी, सुकेळी, डोंगरावरची जीवदानी. शिवाय वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला, हे आईनं मला दोनदा सांगितलं. जणू त्यांनी तो आमच्यासाठी मोकळा करून ठेवला होता. बायकोच्या दृष्टीनंही वेस्टर्न लाइन, सरळ अंधेरी. पण आत्याची सून खरी निघाली. ती म्हणाली, “वहिनी, विरार फास्टमध्ये चढणं हा एक प्रश्न आणि अंधेरीला उतरणं हा दुसरा. दाराशी उभे असतात ते तुम्हाला उतरू देत नाहीत. मी पहिला आठवडा दादरला उतरून परत मागे अंधेरीला येत होते. मग ओळखी झाल्या.” विरार फास्टमधून अधल्यामधल्या स्टेशनावर उतरायला ओळख लागते. एवढी ओळख असती तर आम्ही महापालिकेची पाण्याची लाइन नसती का घेतली?

पनवेलचा एजंट विमानतळाशिवाय बोलायलाच तयार नव्हता. इतकी वर्षं ‘विमानतळ येणार’ म्हणून भाव वाढत होते, आता ‘विमानतळ आला’ म्हणून वाढताहेत. मी त्याला म्हटलं, “मला रोज सीएसएमटीला जायचंय, तिथे विमान उतरत नाही.” तर तो बायकोकडे वळून म्हणाला, “मॅडम, अंधेरीला उतरतं.”

अंबरनाथला आम्ही उगीच उतरलो. तिथलं शिवमंदिर १०६० सालचं. शिलाहारांनी बांधलं आणि अजून दिमाखात उभं आहे. ते बघून आल्यावर जी इमारत बघितली ती सात वर्षांपूर्वीची होती आणि तिसऱ्या मजल्यावर ओल आली होती. मालक म्हणाले, “पाणी बघून बांधलंय ना, म्हणून पाणी आलंय.” या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

आणि मग बदलापूर.

इथे पूर्वी घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं सांगतात. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, फास्ट गाडीनं साधारण दीड तास. आमच्या खोलीच्या पैशांत दोन बेडरूम, गच्चीतून डोंगर आणि उरलेल्या पैशांत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, असा हिशेब इथेच बसत होता. बायकोच्या अंधेरीचं कोडंही मेट्रोनं २०१४ सालीच सोडवून ठेवलेलं होतं. घाटकोपरला उतरायचं, जिना चढायचा, मेट्रोत बसायचं. आता बदलापूरला राहून अंधेरीला नोकरी करता येते. कुणी करावी हा भाग वेगळा.

एजंट स्टेशनवर घ्यायला आला. जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ लिहिलेलं होतं. रिक्षानं सतरा लागली.

“पाच मिनिटं कशानं?” बायकोनं विचारलं.

“बाइकनं, मॅडम. रात्री. रस्ता मोकळा असला की.”

सॅम्पल फ्लॅट हा प्रकार ज्यानं काढला त्याला नेपथ्याचं बक्षीस द्यायला हवं. आत शिरताना काहीतरी मोकळं मोकळं वाटलं. का, ते बायकोच्या लक्षात आलं. दारंच नव्हती. बेडरूमला दार नाही, संडासाला दार नाही. दार उघडायला जी जागा लागते ती गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून दारंच बसवत नाहीत. पलंग मोठा छान, त्यावर सहा उशा. आई दमली होती, तिनं उशा बाजूला करून पाठ टेकली. आई पाच फूट एक इंच. तिचे दोन्ही पाय घोट्यापासून बाहेर. बायकोनं वितीनं पलंग मोजला आणि माझ्याकडे बघितलं. मी एजंटकडे बघितलं. एजंट छताकडे बघून म्हणाला, “फॉल्स सीलिंग.”

रेरा आल्यापासून कार्पेट एरिया सांगावाच लागतो. तो ‘कार्पेट’ हा शब्द त्यानं दाताखाली खडा आल्यासारखा उच्चारला आणि लगेच आम्हाला खिडकीशी नेऊन ॲमेनिटीज दाखवायला लागला. खाली मोकळी जमीन आणि एक म्हैस होती. म्हशीच्या डावीकडे क्लब हाउस, उजवीकडे जॉगिंग ट्रॅक, म्हैस उभी होती तिथे स्विमिंग पूल. म्हशीला ते पटलं असावं.

“आणि नळाला पाणी?” आईनं झोपल्या झोपल्या विचारलं.

“टँकर येतो ना, आजी.”

“म्हणजे पोहायला तलाव आणि प्यायला टँकर,” आई उठून बसत म्हणाली. “देव कुठे ठेवायचे?”

त्यानं वॉशिंग मशीनच्या वरचं कपाट दाखवलं. आई पुन्हा झोपली.

पुराचं विचारणं माझ्याकडे होतं. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी होते, त्यांना बोटींनी बाहेर काढावं लागलं, हे टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेलं. एजंट हसला. “साहेब, ते वांगणीकडे.” वांगणीत कुणाला विचाराल तर ते बदलापूरकडे असणार. डोंबिवलीच्या सहकाऱ्याला २६ जुलैबद्दल विचारलं होतं, तर तो म्हणाला होता, “ते कल्याणला.” कल्याणची माणसं सांगतात, “ते खाडीपलीकडे.” पाणी कायम पुढच्या स्टेशनात भरतं.

पूर्व की पश्चिम, हा प्रश्न तर आम्ही मोजतच नव्हतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, गाव एकच. गावं दोन असतात, मधे पूल असतो. पुलाच्या या बाजूचा माणूस त्या बाजूला वर्षानुवर्षं जात नाही. बायकोच्या मावसबहिणीचं सासर पूर्वेला आणि नणंद पश्चिमेला. त्यांची भेट होते ती दादरला, लग्नात.

शेवटी बायकोनं फर्मान काढलं. आता घर बघायचं नाही, गाडी बघायची. आणि तीही कामाच्या दिवशी. रविवारचं स्टेशन म्हणजे कांदेपोह्यांना बसलेला मुलगा. शांत, मान खाली, विचारलं तेवढंच बोलतो. त्याचं खरं रूप सोमवारी कळतं.

तेव्हा एका बुधवारी रात्री आम्ही बदलापूरला मावसबहिणीकडे मुक्कामाला गेलो. आईही आली. तिला म्हटलं, तू कशाला, तर म्हणाली, “घर तुम्ही बघितलंत, गाडी मी बघते.” रात्री मी तिला इंडिकेटर वाचायला शिकवलं. के म्हणजे कल्याण, टी म्हणजे ठाणे, बीएल म्हणजे बदलापूर. इथवर ठीक होतं. पण कर्जतच्या गाडीला एस आणि कसाऱ्याच्या गाडीला एन. आणि शेवटी पुन्हा एस आला तर स्लो.

“म्हणजे कर्जतच्या माणसाचे दोन एस?”

“स्लो असेल तर दोन.”

“एकच यावा म्हणून नवस बोलत असतील बिचारे.”

कर्जतहून येणारी गाडी आपल्या कामाची नाही, ती भरून येते. बदलापूरहून सुटणारी धरायची, हा पहिला नियम. गाडी थांबायच्या आधी आत शिरायचं, हा दुसरा. तिसरा नियम मला सकाळी प्लॅटफॉर्मवर कळला. मी एका मोकळ्या जागी उभा होतो. पाठीवरची सॅक पोटाकडे घेतलेला एक गृहस्थ जवळ आला.

“नवीन?”

“हो. म्हणजे अजून नाही.”

“इथे नका उभे राहू. इथे दार येतं.”

“मग दारापाशीच उभं राहायचं ना?”

“ते आमचं दार.” यात उद्धटपणा अजिबात नव्हता. आमचं शेत, आमची विहीर, तसं आमचं दार. मला त्यानं चार पावलं पलीकडे नेऊन उभं केलं. तिथलं दार नुकतंच एक जण निवृत्त झाल्यामुळे जरा सैल होतं म्हणे.

गाडी आली. काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. एका क्षणी मी फलाटावर होतो आणि पुढच्या क्षणी चौथ्या सीटवर. चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्यानं केलेला दावा. एक मांडी बाकावर, दुसरी अधांतरी, एक पाय वाटेत. जाणारा-येणारा त्या पायाला ठोकरतो आणि वर ‘पाय घ्या की आत’ म्हणतो. आत म्हणजे कुठे, ते सांगत नाही. शरीर उभंच असतं, बसल्याचं समाधान फक्त मनाला. अंबरनाथला एकानं विचारलं, “कुठे उतरणार?” मी ताठ मानेनं म्हटलं, “सीएसएमटी.” त्यानं दिवाळखोर गिऱ्हाइकाकडे बघावं तसं माझ्याकडे बघून तोच प्रश्न पलीकडच्याला विचारला. दारातल्या मंडळींचा हिशेब वेगळाच होता. निम्म्यांनी ठाण्यापर्यंत बसायचं, मग उठायचं आणि उभ्यांना बसवायचं. तोंडी करार. वीस वर्षांत मोडलेला नाही म्हणे. आमच्या चाळीत पाण्याची पाळी ठरवायला तीन मीटिंगा झाल्या होत्या आणि तिसरीत चष्मा फुटला होता.

घाटकोपरहून बायकोचा फोन आला. आवाजात काहीतरी वेगळं होतं. “अहो, आई म्हणताहेत, घर मिळालं.”

झालं ते असं. लेडीज डब्यात शिरल्याबरोबर कुणीतरी आईला, “या, आजी,” म्हणून खिडकी दिली. शेजारची बाई मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडत होती. मेथी कुणी एकट्यानं निवडावी हे आईला कधी बघवलेलं नाही. तिनं अर्धी जुडी ओढून घेतली. कल्याणपर्यंत गुडघ्यांचा डॉक्टर आणि दळणाची गिरणी कळली. डोंबिवलीपर्यंत मासे कुणाकडून घ्यायचे, आणि कुणाकडून फुकट दिले तरी घ्यायचे नाहीत, ते कळलं. ठाण्याला आम्ही बघितलेल्या म्हशीच्या कॉम्प्लेक्सबद्दल कळलं. ती म्हैसच तेवढी तिथे खरी आहे म्हणाल्या. मुलुंडच्या पुढे मेथी संपली आणि मेथीवालीच्या दिराचा फ्लॅट निघाला. पश्चिमेला, दुसरा मजला, लिफ्ट आहे, पाणी संध्याकाळी दोन तास, पण येतं. दारं आहेत. मधे एजंट नाही.

“आणि देऊळ?” संध्याकाळी मी आईला विचारलं. “मासे, शेजार? तू घर अजून बघितलंही नाहीस.”

“घर काय, चार भिंतींचं असतं,” आई म्हणाली. “तिला गाडीत भोंडल्याला बोलावलंय, मलाही बोलावलंय.” ‘तिला’ म्हणजे बायकोला. मुलीनं त्या फ्लॅटच्या गॅलरीत जाऊन मोबाइल वर धरला, रेंजच्या चार काड्या बघितल्या आणि होकार दिला. माझं मत अजूनही माझ्याजवळच आहे.

याला आता सव्वा वर्ष झालं. गाडीची वेळ मी इथे लिहीत नाही, आधीच गर्दी आहे. सैल दारात माझा जम बसलाय. ठाण्यापर्यंत उभा, ठाण्यापासून बसून. दसऱ्याला डबा सजवायची वर्गणी माझ्याकडून घेतली, तेव्हा मी खऱ्या अर्थानं बदलापूरकर झालो. सातबाऱ्यावर नाव चढल्यासारखं वाटलं.

परवा ठाण्याच्या मामाचा फोन आला. “काय रे, कसं आहे तुमचं बदलापूर?”

मला काही सांगता येईना. सकाळी निघतो तेव्हा अंधार असतो आणि परततो तेव्हाही अंधार. स्टेशन ते घर, रस्त्यावरचे दोन खड्डे आणि एक वडापावची गाडी, एवढा प्रदेश मी डोळे मिटून सांगू शकतो. पलीकडे काय आहे? मामाला म्हटलं, नंतर सांगतो. आणि बायकोला म्हटलं, “या रविवारी आपण गाव बघून येऊ या. सगळं, व्यवस्थित.”

ती कॅलेंडरकडे वळली. “या रविवारी मेगाब्लॉक आहे हो. गाड्याच नाहीत, जाणार कसं?”

“मग पुढच्या रविवारी बघू,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघं चहा प्यायला लागलो. गाव दाराबाहेरच आहे हे आईनं आतून सांगितलं, तेव्हा अर्धा कप झाला होता.